६५ लाख डॉलर नुसत्या अभ्यासाला?

ओटावाकर: काल इथे कुणीतरी लिहिलं, 'कृष्णवर्णीय उद्योजकांचा अभ्यास करायला कॅनडा सरकारने ६५ लाख डॉलर दिले, प्राध्यापकांची चंगळ!' वाचून डोकं फिरलं. २०२० साली या उद्योजकांसाठी जाहीर झालेल्या २२ कोटी १० लाख डॉलरच्या योजनेतली ही चिमूट. बाकीचं कर्जनिधीला आणि उद्योजकांना मदत करणाऱ्या संस्थांना. कार्लटन विद्यापीठाला हे काम दिलं, कारण कुणाला कर्ज नाकारलं, का नाकारलं, याची धड आकडेवारीच नव्हती. आकडे नसले की बँका हात वर करायला मोकळ्या.

मिसिसागाची माई: २००३ साली मी डबे सुरू केले. बँकेतल्या बाईने फाइल उघडलीसुद्धा नाही. 'इथली क्रेडिट हिस्टरी नाही.' बांगड्या मोडल्या. माझ्यावर कुणी प्रबंध लिहिला?

ओटावाकर: माई, तुम्ही बाहेरून आलात. कॅनडाच्याच नोव्हा स्कोशिया प्रांतात कृष्णवर्णीय लोक १७८३ च्याही आधीपासून आहेत. तरी त्यांच्यातल्याच व्हायोला डेस्मंडला तिथल्या हॅलिफॅक्समध्ये ब्युटी पार्लरचं शिक्षण कुणी देईना, मॉन्ट्रियल गाठावं लागलं. पार्लर काढलं, शाळा काढली. १९४६ साली थिएटरात गोऱ्यांच्या जागेवर बसली म्हणून रात्रभर कोठडी, वर तिकिटावरचा एका सेंटचा कर बुडवल्याचा खटला!

पुणेरी पाहुणा: आता तिला दहा डॉलरच्या नोटेवर छापलीत ना? झालं! अहो, ते ६५ लाख सरळ वाटा. अडीच लाखांची २६ कर्जं होतात. पुण्यात २००५ साली डिक्की, म्हणजे दलित उद्योजकांची संघटना, निघाली, तेव्हा 'धंद्याला जात कशाला' म्हणणाऱ्यांत मीही होतो. चुकलो. पण म्हणून प्राध्यापक पोसायचे?

माई: कर्ज सोडा, गिऱ्हाईक द्या! मंडळाच्या दिवाळीला आपलेच लोक चकलीचा भाव पाडून मागतात. बाहेरच्या केटररला मात्र मुकाट मोजतात.

गोट्या टोरांटो: गेल्या वर्षीची चकली मऊ होती. स्पष्टच बोलतो.

माई: मऊ?? डबा उघडा टाकून डिकीत पाच तास कुणी फिरवला?

गोट्या टोरांटो: डबाच गळका होता. साक्षीदार आहेत.

पुणेरी पाहुणा: चिवडाही खवट होता म्हणे.

माई: तुम्ही पुण्यात बसून खाल्लात वाटतं?

ओटावाकर: अहो, विषय काय, चाललंय काय! आणि पाहुणे, ते कर्ज आहे, फेडायचं असतं. वाटायला तिळगूळ नाही.

माई: बरं, त्या कर्जाचा फॉर्म कुठे मिळतो तेवढं सांगा. माझ्याकडे कामाला असलेली, मूळ जमेकाच्या घरातली पोरगी पॅटीजचं दुकान टाकायचं म्हणतेय, बँकेने तिलाही तेच ऐकवलं. आणि ती इथेच जन्मलीय.

चकली मऊ नव्हती.