ब्रोमोबेंझिनचं विष यकृतात तयार होतं

ब्रोमोबेंझिन, म्हणजे बेंझिनच्या कड्याला ब्रोमीनचा एक अणू जोडलेलं द्रव संयुग, सहजासहजी अभिक्रिया करत नाही, म्हणून ते फारसं घातक नसावं, असं काहींना वाटतं. पहिली गोष्ट खरी, पण त्यावरून काढलेला निष्कर्ष मला धोक्याचा वाटतो. यकृतातली सायटोक्रोम पी-४५० विकरं त्याला ऑक्सिजन जोडून ३,४-इपॉक्साइड बनवतात आणि ते मात्र भलतंच क्रियाशील असतं. पेशींतलं ग्लुटाथिऑन हे संरक्षक संयुग त्याला आवरतं. तो साठा संपला की इपॉक्साइड पेशींच्या प्रथिनांना चिकटतं आणि यकृताच्या पेशी मरू लागतात. पॅरासिटामॉलच्या अतिमात्रेतही यकृताचं नुकसान साधारण याच वाटेनं होतं. मूत्रपिंडांनाही इजा होते, ती ब्रोमोबेंझिनपासून शरीरात बनणाऱ्या वेगळ्या पदार्थांमुळे.

हा द्रव १५६ अंश सेल्सिअसला उकळतो, पण त्याची वाफ ठिणगीनं पेटू शकेल असं तापमान (फ्लॅश पॉइंट) ५१ अंशांच्या आसपासच आहे. पाण्यापेक्षा दीडपट जड असल्यामुळे विभाजक नरसाळ्यात (न मिसळणारे द्रव वेगळे करायच्या तोटीच्या भांड्यात) तो खाली बसतो. नवख्या विद्यार्थ्यांनी हे आधीच ध्यानात ठेवावं, नाहीतर हवा असलेलाच थर फेकला जातो.

उपयोगांत ग्रिन्यार्ड अभिक्रियाकारक (मॅग्नेशियम असलेलं क्रियाशील संयुग) बनवणं पहिलं. कोरड्या ईथरमध्ये मॅग्नेशियमच्या कातरणासोबत फेनिल मॅग्नेशियम ब्रोमाइड बनतं. त्यात कोरडा बर्फ (घन कार्बन डायऑक्साइड) टाकून आम्लीकरण केलं की बेंझोइक आम्ल, बेंझोफेनोन घातलं तर ट्रायफेनिलमेथॅनॉल. क्लोरोबेंझिन ईथरमध्ये मॅग्नेशियमला दाद देत नाही, आयोडोबेंझिन महाग पडतं, म्हणून इथे ब्रोमोबेंझिनच सोयीचं. सुझुकी जोडणीतही (पॅलेडियमच्या मदतीनं दोन कार्बन अणू जोडणाऱ्या अभिक्रियेत) ब्रोमोबेंझिन चालतं.

हे सगळं धूर-कपाटातच (वाफा बाहेर खेचणाऱ्या फ्यूम हूडमध्ये) करा. साधे नायट्राइलचे हातमोजे त्याला फार वेळ अडवत नाहीत, शिंतोडा उडाला की लगेच बदला.