मॉर्फिन सुरू, चार दिवस शौच नाही, आता पातळ गळतंय. आधी काय बघायचं?

रात्रपाळी
घरी शुश्रूषा सुरू असलेल्या रुग्णाबद्दल विचारायचं आहे. बाई, वय ६८, स्तनाचा कर्करोग मणक्यांत पसरलेला, केमो थांबवून दोन महिने झाले. मॉर्फिनची १० मिग्रॅची साधी गोळी दर ४ तासांनी लिहून दिली आहे, पण घरचे ‘फारच दुखलं तर’ देतात, सवय लागेल म्हणून घाबरतात. चार दिवस शौच नव्हतं. कालपासून पातळ, पाण्यासारखं थोडं थोडं कपड्यात होतंय, म्हणून घरच्यांनी जुलाब थांबवायची गोळी दिली. माकडहाडावर अंगठ्याएवढा लाल डाग आहे. जिभेवर पांढरा थर, खाणं जवळपास बंद. एअर बेड आहे. डॉक्टर परवा येणार आहेत. तोवर कोणत्या क्रमाने काय करू?

पांढरी टोपी
परवापर्यंत थांबायचं की नाही, ते आधी पायांवरून ठरवा. मणक्यात गाठ असलेल्या माणसाचं शौच नकळत कपड्यात होऊ लागलं, तर मज्जारज्जूवर दाब आलाय का, हा पहिला प्रश्न. दोन्ही पाय गुडघ्यात वाकवून, तुमच्या हाताविरुद्ध ढकलायला सांगा. कालच्यापेक्षा जोर कमी आहे का? पाय, मांड्यांची आतली बाजू किंवा गुदद्वाराभोवती बधिर वाटतं का? लघवी तुंबली आहे का? पाठदुखी आडवं झाल्यावर किंवा खोकल्यावर वाढते का, छाती-पोटाभोवती पट्टा आवळल्यासारखं दुखतं का? यातलं एकही नवीन असेल तर त्यांना सरळ झोपवून ठेवा आणि आत्ताच डॉक्टरांना फोन करा. इथे काही तासांनीही फरक पडतो. एकदा गेलेली पायांची ताकद बरेचदा परत येत नाही.

पाय ठीक असतील तर बहुधा कडक शौचाचा खडा अडकलाय आणि त्याच्या कडेने पातळ झिरपतंय. हा जुलाब नव्हेच, त्यामुळे जुलाब थांबवायची गोळी उलट बाधते. ती थांबवा. पोट फुगलंय, कळा येतायत, उलट्या होतायत, असं काही असेल तर आतडं अडल्याची शंका धरायची. मग पोटातून रेचक देऊ नका, एनिमाही नको. डॉक्टरांनाच विचारा.

तसं काही नसेल आणि तुम्हाला बोटाने तपासायचं प्रशिक्षण असेल, तर डाव्या कुशीवर, गुडघे पोटाशी घेऊन तपासा. त्याआधी रक्ताचा शेवटचा रिपोर्ट बघा. पांढऱ्या पेशी किंवा प्लेटलेट कमी असतील तर गुदद्वारातून काहीही घालायचं नाही, बोटसुद्धा. कडक खडा लागला तर डॉक्टरांना फोनवर विचारून ग्लिसरीनची सपोझिटरी (गुदद्वारात ठेवायची औषधाची वडी) खड्यात आणि बिसाकोडिल या रेचकाची आतड्याच्या भिंतीला लागून ठेवा. बिसाकोडिल खड्यातच रुतली तर काम करत नाही, आणि नेमकी हीच चूक होते. अर्धा-पाऊण तास वाट बघा.

अजून एक. तहान फार, लघवी जास्त, गुंगी किंवा बोलण्यात गोंधळ असेल तर रक्तातलं कॅल्शियम तपासायला सांगा. हाडांत पसरलेल्या आजारात ते वाढतं आणि बद्धकोष्ठताही करतं. सगळं खापर मॉर्फिनवर फुटतं आणि हे राहून जातं.

डोसवाला
मॉर्फिनबद्दल. ‘दुखलं तर’ पद्धतीत दुखणं आधी चढतं आणि गोळी त्याच्या मागे धावते. तोंडाने घेतलेल्या साध्या गोळीला परिणाम करायला अर्धा ते एक तास लागतो आणि तो साधारण ४ तास टिकतो. म्हणून घड्याळ: सकाळी ६, १०, दुपारी २, संध्याकाळी ६, रात्री १०, पहाटे २. मध्यरात्री उठवावं लागू नये म्हणून रात्री १० ची मात्रा काही वेळा दुप्पट देतात, पण ती डॉक्टरांनी लिहून दिली तरच.

मधेच कळ आली तर द्यायची जादा मात्रा सहसा २४ तासांच्या एकूण मात्रेच्या सहाव्या हिस्स्याएवढी असते. इथे एकूण ६० मिग्रॅ, म्हणजे जादा मात्रा १० मिग्रॅ. तीही कागदावर लिहून घ्या. ती दिली म्हणून पुढची ठरलेली गोळी वगळायची नाही. दिवसात तीनपेक्षा जास्त वेळा लागली तर मूळ मात्रा अपुरी आहे, डॉक्टरांना कळवा. वही ठेवा: वेळ, दुखणं ० ते १० मध्ये किती, काय दिलं, तासाभराने किती.

घरच्यांना हे सांगा: गुंगी दोन-तीन दिवसांत आणि मळमळ आठवड्याभरात बहुतेकांची ओसरते. बद्धकोष्ठता मात्र मॉर्फिन आहे तोवर राहते, शरीराला तिची सवय होत नाही. त्यामुळे रेचक पहिल्या गोळीपासूनच रोज हवं, सेना (सोनामुखी) किंवा बिसाकोडिलसारखं आतड्याला हालवणारं. इसबगोल नको. पाणी कमी पिणाऱ्या माणसात ते आतच घट्ट गोळा होऊन बसतं.

श्वास मिनिटाला ८ च्या खाली किंवा हाक मारून, हलवून जाग येत नसेल तर लगेच मदत बोलवा. लघवी कमी होऊन हातापायांना बारीक झटके येऊ लागले तर तेही कळवा. मूत्रपिंड मंदावलं की मॉर्फिनचे अंश अंगात साठतात. पुढे कधी १२ तासांची गोळी दिली तर ती कुटायची नाही, सगळा साठा एकदम सुटतो.

काळजीवाहक७
लाल डागाखाली रबराची हवेची रिंग ठेवा, जागा मोकळी राहते. रोज हलकं चोळलं की रक्त खेळतं.

पांढरी टोपी
दोन्ही नको. रिंगच्या काठावर दाब येतो आणि मधल्या कातडीचं रक्त अडतं. लाल जागा चोळली की आतल्या, आधीच दुखावलेल्या पेशी आणखी तुटतात.

डागावर तीन सेकंद बोट दाबून सोडा. पांढरा पडून परत लाल झाला तर दाब काढल्यावर सावरेल. लालच राहिला तर व्रणाची पहिली पायरी गाठली आहे. सावळ्या कातडीवर लाली दिसत नाही, तिथे हाताने बघा: गरम, टणक किंवा आजूबाजूपेक्षा काळपट.

एअर बेड असला तरी दर २ तासांनी कूस बदला, फार तर ३० अंश कलवून, पाठीमागे उशी. पूर्ण कुशीवर खुब्याचं हाड टोचतं. इथे मणके कमजोर आहेत, म्हणून दोघांनी मिळून खांदे आणि कंबर एकदमच वळवा, ओंडका वळवावा तसं. उशाकडचा भाग ३० अंशांपेक्षा वर ठेवला की रुग्ण घसरतो आणि माकडहाडावरची कातडी घासते. पोटऱ्यांखाली उशी घालून टाचा अधांतरी ठेवा. वळवताना दुखत असेल तर जादा मात्रा अर्धा तास आधी द्या.

गादीची हवाही तपासा. तळहात वर करून हात माकडहाडाच्या बरोब्बर खाली, गादीखाली सरकवा. हाड हाताला टेकलं तर हवा कमी आहे. वर घडीची जाड चादर किंवा रबरशीट घातलं असेल तर काढा, नाहीतर एअर बेड असून नसल्यासारखा.

तोंड: थर ओल्या गॉझने हळूच पुसून बघा. निघाला आणि खाली लाल, रक्ताळलेलं दिसलं तर बुरशी असण्याची शक्यता जास्त. औषध डॉक्टरांकडून घ्या. निस्टॅटिन दिलं तर ते तोंडात धरून ठेवायला लागतं, आणि क्लोरहेक्सिडिन या जंतुनाशकाच्या गुळण्या त्याच वेळी केल्या तर दोन्हींचा परिणाम मारला जातो, निदान अर्धा तास अंतर ठेवा. कवळी असेल तर रात्री काढा आणि तीही स्वच्छ करा, नाहीतर बुरशी तिथूनच परत येते. बाकी वेळी १ लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात १ चहाचा चमचा मीठ आणि तेवढाच खाण्याचा सोडा, दर ४ तासांनी. रोज ताजं करा. गुळणी थुंकता येत नसेल तर गॉझ भिजवून पिळून फिरवा, तोंडात ओतू नका, ठसका लागेल.

रात्रपाळी
पायांचा जोर तसाच आहे, बधिरपणा नाही, लघवी नीट. प्लेटलेट रिपोर्टमध्ये ठीक आहेत, पण तो सहा आठवड्यांपूर्वीचा.

पांढरी टोपी
मग बोट घालू नका, डॉक्टरांना फोन करून नवा रिपोर्ट मागवा, त्यातच कॅल्शियमही करायला सांगा. चार दिवसांचा खडा आणि घरच्यांनी दिलेली जुलाब थांबवायची गोळी, दोन्ही फोनवर स्पष्ट बोला. ‘जुलाब होतायत’ एवढंच सांगितलंत तर उत्तरही जुलाबाचंच मिळेल.