सीपी असलेल्या मुलाच्या थेरपीसाठी सरकारी पैसा नक्की कुठून मिळतो?

माणदेशी_आई:
नमस्कार. माझा मुलगा ६ वर्षांचा आहे, सेरेब्रल पाल्सी म्हणजे सीपी, मेंदूतल्या दोषामुळे हातापायांची हालचाल नीट होत नाही, अपंगत्वाचं सर्टिफिकेट ७० टक्क्यांचं, यूडीआयडी म्हणजे दिव्यांगांचं ओळखकार्ड पण झालंय. आम्ही दहिवडीच्या पुढे राहतो. फिजिओसाठी आठवड्यातून दोनदा साताऱ्याला जावं लागतं, एसटीने जायलाच दोन तास, म्हणजे तासाभराच्या थेरपीसाठी अख्खा दिवस जातो आणि त्याला उचलून न्यायला मिस्टर लागतात म्हणून त्यांचा खाडा होतो. एका वेळचे ५०० रुपये. आता पायाला आधार देणारे स्प्लिंट लहान झालेत, काढले की घोट्यावर लालभडक वळ असतो, सकाळी मी स्प्लिंट हातात घेतले की तो आधीच पाय आखडून घेतो. संजय गांधी निराधार योजनेच्या महिन्याच्या पैशांसाठी तहसीलला गेलो तर उत्पन्न जास्त म्हणून अर्ज परत आला. दिव्यांगांसाठी अट वर्षाला ५० हजाराची आहे म्हणे, म्हणजे महिन्याला ४२०० सुद्धा नाही. मिस्टर गवंडीकाम करतात, एवढ्यात कुणाचं घर चालतं सांगा. कुणाला खरंच पैसे मिळाले असतील तर प्लीज लिहा.

निशूचा_बाबा:
ताई, आधी निरामय काढा. केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टचा आरोग्य विमा आहे, ऑटिझम, सीपी, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता या चौघांसाठीच, वर्षाला १ लाखापर्यंत. आधी मेडिकल तपासणी लागत नाही, आणि बाकीच्या विम्यांसारखं अॅडमिट व्हायलाच पाहिजे असंही नाही, ओपीडी आणि थेरपीची बिलं पण चालतात. थेरपीला त्यातला काही भागच मिळतो पण तेवढा तरी घ्या. आधी खिशातून भरायचे मग क्लेम करायचा, हे मात्र आहे. माझा पहिला क्लेम परत आला होता कारण थेरपिस्टने वहीच्या कागदावर नुसती रक्कम लिहून सही केली होती. तेव्हापासून मी छापील पावती, तारीख, शिक्का आणि रजिस्ट्रेशन नंबर असल्याशिवाय क्लिनिकमधून हलत नाही. आणि दरवर्षी रिन्यू करायला विसरू नका, मी एक वर्ष विसरलो आणि त्या वर्षीची सगळी बिलं वाया गेली, अजून जीव तुटतो.

एसटीत त्याला ७५ टक्के सवलत आहेच, आणि ६५ टक्क्यांच्या वर अपंगत्व असेल तर सोबतच्या माणसाला पण निम्मं तिकीट. दादांचं पूर्ण तिकीट काढत असाल तर थांबवा.

ग्रामसेवक_निवृत्त:
ग्रामपंचायतीकडे जा. स्वउत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांवर खर्च करायचा असतो, नगरपालिकेला पण तेच. मी ३१ वर्षं नोकरी केली, खरं सांगतो, बहुतेक ठिकाणी मार्च आला की गावातल्या सगळ्या दिव्यांगांना सारखी रक्कम वाटून रजिस्टर बंद करतात, कुणाला ८०० कुणाला १२००, त्यात कुणाचंच काही होत नाही. त्याचं कारण एवढंच की मागणीचा अर्ज कुणी देतच नाही. तुम्ही ग्रामसभेच्या आधी लेखी अर्ज द्या, स्प्लिंटचं कोटेशन जोडा, आणि पोच घ्या. तोंडी सांगितलेलं दप्तरात राहत नाही बाई.

पुणेकर_अॅडव्होकेट:
सगळ्यांचं बरोबर आहे पण मूळ दुखणं वेगळंय. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम २४ मध्ये स्पष्ट लिहिलंय की दिव्यांगांना मिळणारी मदत इतरांच्या तशाच योजनेपेक्षा किमान २५ टक्के जास्त पाहिजे. तरी आपल्याकडे संजय गांधीमध्ये कितीतरी वर्षं सगळ्यांना एकच आकडा, शेवटी शेवटी १५०० म्हणजे १५००. दिव्यांगांचे २५०० झाले ते २०२५ मध्ये, त्यासाठी लोकांना उपोषणं करावी लागली. केंद्राच्या अपंग पेन्शनचा वाटा तर २०१२ पासून महिन्याला ३०० रुपयेच आहे आणि तोही ८० टक्के अपंगत्व आणि दारिद्र्यरेषेखाली असेल तरच. आणि ५० हजाराची अट म्हणजे जो बाप रोज कामावर जातो त्याच्या मुलाला बाहेर काढायची अट आहे, मला तरी दुसरा अर्थ लागत नाही. मुलाचा खर्च बापाच्या हजेरीवर थोडाच कमी होतो?

माणदेशी_आई:
खूप आभार सगळ्यांचे. एसटीचं खरंच माहीत नव्हतं, दीड वर्ष मिस्टरांचं पूर्ण तिकीट काढतोय. कोटेशन उद्याच मागते. पण दादा, पैसे मिळाले तरी थेरपिस्ट साताऱ्यालाच ना, इथे जवळ कुणीच नाही.

निशूचा_बाबा:
हो ताई, त्याला माझ्याकडे पण उत्तर नाही. साताऱ्याच्या सिव्हिल हॉस्पिटलमध्ये डीईआयसी, म्हणजे लहान मुलांच्या व्यंगावर लवकर उपचार करणारं सरकारी केंद्र, आहे का विचारा, लहान मुलांची थेरपी तिथे फुकट असते, फेरा तोच पण ५०० वाचतील. आणि घरी करायचे व्यायाम फिजिओसमोर मोबाईलमध्ये शूट करून आणा, आम्ही निशूचे तसेच रोज सकाळी करतो. वळ उठतोय तोवर स्प्लिंट घालू नका, आधी फिजिओला फोटो पाठवा.

ग्रामसेवक_निवृत्त:
अर्जाचा नमुना हवा असेल तर मेसेज करा, मी लिहून देतो.