नॉर्वेच्या उत्तर किनाऱ्यावर शिडाच्या बोटीतून तीन आठवडे, झेपेल का?

कृष्णाकाठ_सांगली

नमस्कार मंडळी, मी सांगलीचा, घर सांगलवाडीत. नदीकाठीच वाढलो, होड्यांच्या शर्यतीत वल्ही मारलीयेत, पोहायला काही अडचण नाही. गेली काही वर्षं सुट्टी मिळेल तशी मुंबईला जाऊन छोट्या डिंगीवर सेलिंग शिकतोय, टॅक आणि जाइब (वाऱ्याच्या मानानं बोट वळवणं), रीफ घेणं (शीड लहान करणं) हे हाताला बसलंय पण सगळं बंदराच्या आतलं, उघड्या समुद्रात रात्र अशी कधी काढली नाही.

तर माझा आतेभाऊ नोकरीनिमित्त नॉर्वेत बोडोला असतो, त्यानं आणि तिथल्या दोन मित्रांनी मिळून ३४ फुटी जुनी सेलबोट घेतलीय आणि पुढच्या जुलैत बोडो ते लोफोटेन बेटं आणि तिथून वर ट्रॉम्सोपर्यंत जायचा बेत आहे, चौथा माणूस म्हणून मला बोलावतोय. मला जायचंच आहे, लय वर्षांचं मनात आहे. पण तो सगळा भाग आर्क्टिक सर्कलच्या वरचा, सांगली १७ अंशाच्या आतबाहेर आणि बोडो ६७ अंशावर, थंडीत माझ्या हातून काम झालं नाही तर त्या तिघांवर भार पडेल ही खरी काळजी. कपडे काय लागतात, बोट लागली तर काय करायचं, व्हिसाचं कसं, मी शाकाहारी आहे तर खाण्याचं काय, आणि आई सारखी विचारतीय की पाण्यात पडलास तर काय, त्याचं तिला खरं उत्तर द्यायचंय. तिकडे गेलेलं किंवा बोटीवर काम केलेलं कुणी असेल तर सविस्तर सांगा.

दर्यासारंग_वाई

भावा, मी मर्चंट नेव्हीत आहे, मोठ्या जहाजावर, पण सुट्टीत सेलिंग करतो आणि नॉर्वेचा किनारा कामामुळे बघितलाय. आधी आईच्या प्रश्नाचं बोलू कारण तोच सगळ्यात महत्त्वाचा आहे. 'पोहायला अडचण नाही' हे तू लिहिलंयस ना, ते तिकडे जवळजवळ उपयोगाचं नाही हे मनात पक्कं कर. जुलैतसुद्धा तिथलं पाणी साधारण १०-१२ अंश असतं. त्यात माणूस पडला की पहिला धोका गारठून मरायचा नसतो, पहिला धोका श्वासाचा असतो. गार पाण्याचा झटका बसला की आपोआप धापा लागतात, तोंड पाण्याखाली असेल तर पहिल्याच श्वासाला पाणी आत. याचा एक ठोकताळा शिकवतात, १-१०-१. पहिला १ मिनिट श्वास ताब्यात आणायचा, पुढची साधारण १० मिनिटं हातपाय कामाचे राहतात, मग बोटं वळत नाहीत, दोरी धरता येत नाही, आणि साधारण १ तासानं शुद्ध जाते. लाईफजॅकेट नसेल तर तो तास मिळतच नाही कारण हात थांबले की माणूस बुडतो, पट्टीचा पोहणारा असला तरी.

म्हणून तिकडे सगळी शिस्त एकाच गोष्टीची, पाण्यात पडायचंच नाही. आपोआप फुगणारं लाईफजॅकेट, त्याला हार्नेस, आणि हार्नेसपासून बोटीच्या डेकवर पुढून मागं ताणलेल्या पट्ट्याला हुक, त्याला जॅकलाईन म्हणतात. कॉकपिटमधून, म्हणजे सुकाणूजवळच्या बसायच्या खळग्यातून, बाहेर पाय टाकायच्या आधी हुक लावायचा, वारा नसला तरी, लघवीला उभं राहिलास तरी. मांड्यांमधून जाणारा पट्टा जॅकेटला आहे का बघून घे, तो नसेल तर पाण्यात जॅकेट वर सरकतं आणि माणूस खाली राहतो. आणि आतेभावाला आत्ताच विचार, चौघांपैकी एक पडला तर भिजलेल्या कपड्यांसकट ८०-९० किलोचा माणूस बोटीवर घ्यायचा कसा? शीड वर चढवायची दोरी आणि विंच (दोरी ओढायची चरखी) वापरून काढायचा सराव बंदरात एकदा तरी करा. शक्यतो आडवा उचलायचा. वर आल्यावर हातपाय चोळायचे नाहीत, दारू पाजायची नाही, ओले कपडे काढून ब्लँकेटमध्ये झोपवायचं आणि रेडिओवर मदत मागायची, चॅनल १६. त्या भागाचं बचाव समन्वय केंद्र बोडोलाच आहे, आणि नॉर्वेची समुद्री बचाव संस्था १८९१ पासून काम करतीय, व्यवस्था फार चांगली आहे, पण ती येईपर्यंतची मिनिटं तुमची.

दुसरं म्हणजे भरती-ओहोटी. बोडोजवळ साल्टस्ट्राउमेन म्हणून खाडीचं तोंड आहे, साधारण १५० मीटर रुंद आणि ३ किलोमीटर लांब, त्यातून दर सहा तासांनी पाणी आत-बाहेर करतं आणि वेग २० नॉटपर्यंत (नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल) जातो. तुमची बोट इंजिनवर जेमतेम ६ नॉट करणार. म्हणजे चुकीच्या वेळी तिथं काही करताच येत नाही, पाणी थांबतं ती वेळ तक्त्यात बघून तेवढ्यातच जायचं, आणि खरं तर तुमच्या वाटेवर ते नाहीच, गाडीनं पुलावरून बघून या. लोफोटेनच्या दक्षिण टोकाला मोस्केनेस आणि वेरोय बेटांच्या मधे मोस्कस्ट्राउमेन आहे, तो उघड्या समुद्रातला ओढ्यासारखा प्रवाह, वारा प्रवाहाच्या उलट असला की लाटा उभ्या राहतात. अमावास्या-पौर्णिमेला उधाण असतं हे आपल्या कोकणातल्या कोळ्याला माहीत असतं तेच तिथंही लागू, तुमच्या तारखांच्या अमावास्या-पौर्णिमा आधीच कॅलेंडरवर मांडून ठेवा.

साताऱ्याची_ट्रॉम्सोत

मी मूळची साताऱ्याची, शाहूपुरीतली, आता बरीच वर्षं ट्रॉम्सोला आहे आणि इथल्या लोकांबरोबर उन्हाळ्यात बोटीवर जाते. वरच्या दादांनी पाण्याचं सांगितलं ते शब्द न् शब्द खरं आहे, मी बाकीचं सांगते.

थंडीला घाबरू नकोस. जुलैत इथं दिवसा १२ ते १५ अंश असतं, म्हणजे आपल्याकडच्या डिसेंबरातल्या पहाटेएवढं. फरक असा की ते दिवसभर तेवढंच राहतं, तू हलत नसतोस, सुकाणू धरून तासन्‌तास बसलेला असतोस, वारा अंगावर आणि पावसाची रिपरिप. त्यामुळे अंगालगत सुती कापड अजिबात नको, सुती भिजलं की अंगातली ऊब खेचतं. लोकरीचे आतले कपडे, मेरिनोचे दोन जोड, त्यावर फ्लीस किंवा लोकरीचा स्वेटर, वर सेलिंगचा वॉटरप्रूफ जॅकेट आणि खांद्यावरून येणारी पँट. लोकरीचे मोजे भरपूर. हातमोजे तीन जोड, कारण एक ओला, एक वाळतोय आणि एक हातात. रबरी बूट पायापेक्षा एक नंबर मोठे, मोजा जाड बसतो आणि घट्ट बुटात पाय गार पडतो. महागाचं सगळं विकत घेऊ नकोस, वॉटरप्रूफ आणि बूट भावाच्या मित्रांकडून उसने मिळतील, इथं प्रत्येक घरात जास्तीचे असतात.

बोटीत हीटर आहे का हे मात्र विचारच. डिझेल हीटर नसेल तर आत श्वासाच्या आणि स्वयंपाकाच्या वाफेनं भिंती घळाघळा पाझरतात, स्लीपिंग बॅग ओली होते, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी सगळेच चिडचिडे होतात. हीटर असेल तर कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म हवाच आणि हवा यायला एक झाकण थोडं उघडं ठेवायचं, कितीही गार वाटलं तरी.

आता मला जे सगळ्यात कळकळीनं सांगायचंय ते. लोफोटेनमध्ये मे अखेरपासून जुलैच्या मध्यापर्यंत सूर्य मावळत नाही, ट्रॉम्सोला साधारण २० मे ते २२ जुलै. लोकांना वाटतं किती छान, आणि छान आहेच, पण धोका तिथंच आहे. अंधार पडत नाही म्हणून कुणी थांबतच नाही. अजून एक बेट करू, अजून दहा मैल जाऊ, वारा चांगला आहे, आणि असं करत माणूस रात्री दोनला अरुंद सुंदमध्ये (बेटांमधल्या चिंचोळ्या पाण्यात) खडकांच्या मधून बोट नेत असतो, डोळे उघडे पण डोकं झोपलेलं. तुमच्या मधे पहिल्या दिवशी ठरवून टाका की घड्याळ बघून झोपायचं, दोघं जागे दोघं झोपलेले, आणि ज्याची झोपायची पाळी त्यानं डोळ्यांवर पट्टी बांधून झोपायचंच, बाहेर कितीही सुंदर दिसत असलं तरी. चौथा माणूस म्हणून तुझी खरी मदत इथं आहे. तिघांचे चौघं असले की प्रत्येकाला झोप मिळते. तुला शिडाचं थोडं कमी येत असलं तर चालतं, जागा राहणारा, चहा करणारा, समोर नजर ठेवणारा माणूस बोटीला हवा असतो. भार होशील ही भीती सोड.

वाटेचं म्हणशील तर बोडोहून लोफोटेनच्या राइने-मोस्केनेस बाजूला जाताना वेस्टफ्योर्ड हा समुद्राचा रुंद फाटा ओलांडावा लागतो, सुमारे ५० सागरी मैल, म्हणजे ५ नॉटनं दहा तास. हा फ्योर्ड नैऋत्येला मोठा उघडा आहे, पसरणी घाटात खिंडीतून वारा घुसतो तसा तिकडचा वारा आत भरतो आणि लाट मोठी होते. नैऋत्येचा जोर असेल तर बोडोलाच थांबा. दोन दिवस, चार दिवस, थांबा. इथले लोक यर नावाचं हवामानाचं ॲप दिवसातून पाच वेळा बघतात आणि बिनदिक्कत बेत बदलतात, त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. एकदा लोफोटेनच्या आतल्या बाजूला आलात की मुक्काम जवळजवळ आहेत, नुसफ्योर्ड, हेनिंग्सवेर, स्वोल्वेर, पाहुण्या बोटींसाठी धक्का, वीज, पाणी, गरम पाण्याची आंघोळ. राफ्टसुंडमधून ट्रोलफ्योर्डच्या तोंडाशी जाऊन या, तोंड जेमतेम १०० मीटर रुंद आणि दोन्ही बाजूला सरळ कडे. मासे वाळवायच्या लाकडी मांडवांवर फेब्रुवारीपासून कॉड टांगलेले असतात, जुलैपर्यंत ते उतरवलेले असतील, पण मांडव दिसतील.

नांगर टाकताना एक लक्षात ठेवा, तळाला समुद्री शेवाळाचे जाड पट्टे असतात, त्याला केल्प म्हणतात. नांगर त्यात अडकल्यासारखा वाटतो आणि वारा सुटला की सुटून येतो. टाकल्यावर इंजिन मागं घेऊन ओढून बघा. आणि डोंगराच्या पायथ्याशी शांत दिसतं म्हणून नांगरू नका, वरून वारा धाडकन खाली कोसळतो. साखळी भरपूर सोडा, पाण्याच्या खोलीच्या पाचपट तरी.

मिरज_जंक्शन

वाचून अंगावर काटा आला, भारी चाललंय. खाण्याचं मी सांगतो, आमच्या घरचे परदेशी जाताना काय काय बांधतात ते पाठ आहे. भडंग, शेंगदाण्याची चटणी, मेतकूट, कुळथाचं पीठ, तासगावचे बेदाणे, तिखटमिठाच्या पुऱ्या, साजूक तुपाचा डबा आणि भावाच्या मित्रांसाठी साताऱ्याचे कंदी पेढे. आणि आलेपाकाच्या वड्या घेच, बोट लागली की तोंडात ठेवायला.

साताऱ्याची_ट्रॉम्सोत

मिरजकर दादा, यादी बघून घरची आठवण आली, पण पेढे आणि तूप बॅगेत घालू नका! युरोपीय आर्थिक क्षेत्राच्या बाहेरून येताना मांस आणि दुधाचे पदार्थ नॉर्वेत आणायला बंदी आहे, कस्टमला काढून घेतात. बाकीचं कोरडं सगळं चालेल. शाकाहाराची अडचण नाही, ओट्स, डाळी, ब्रेड, चीज इथं मिळतं, फक्त छोट्या बेटावरच्या दुकानात भाजी कमी आणि महाग, म्हणून तांदूळ-डाळ-मसाला बोडोलाच भरा. कुळथाचं पिठलं आणि भात हे गार वाऱ्यातून आत आल्यावर काय असतं ते तुम्हाला कळेलच. थर्मासमध्ये कायम गरम पाणी ठेवा, लाटेत स्टोव्हवर भांडं ठेवायची वेळ येऊ नये.

बोट लागण्याचं, गोळी निघायच्या आधी घ्यायची, सुरू झाल्यावर घेऊन पोटात राहत नाही. कोणती ते डॉक्टरला विचार, आणि एकदा घरी घेऊन बघ झोप किती येते. त्रास व्हायला लागला की आत जाऊ नको, वर ये, सुकाणू हातात घे आणि क्षितिजाकडे बघ.

कृष्णाकाठ_सांगली

दादा, ताई, खरंच कसे आभार मानू. आईला १-१०-१ वाचून दाखवलं, ती गप्प झाली आणि मग म्हणाली तो हुक कायम लावशील ना, तेवढं वचन दे. दिलं.

आणखी एक विचारतो. आतेभावाचा मित्र म्हणतोय ट्रॉम्सोला लवकर पोचलो तर तसंच पुढं स्वालबार्डला, म्हणजे नॉर्वेच्याच पार उत्तरेकडच्या बेटांवर, जाऊ. माझा व्हिसा चालेल का, आणि मुळात जावं का?

दर्यासारंग_वाई

जाऊ नका, यंदा तरी नाही. ट्रॉम्सो ते लाँगइयरब्येन, म्हणजे स्वालबार्डचं मुख्य गाव, सरळ रेषेत ५०० सागरी मैलांहून जास्त, मधे बेअर आयलंड सोडलं तर काही नाही, आसऱ्याचं चांगलं बंदर नाही. किनाऱ्यावर बेटाबेटांच्या आडून जाणं वेगळं आणि बेरेंट्स समुद्रात चार-पाच दिवस उघड्यावर वेगळं. तिथं हिमनगाचे तुकडे पाण्याच्या वर जेमतेम दिसतात, हिमनद्या मागं सरकल्यामुळे त्यांच्या पुढ्यातलं पाणी कित्येक नकाशांत मोजलेलंच नाही, आणि वस्तीबाहेर पाय ठेवायचा तर पांढऱ्या अस्वलाला पळवून लावायचं साधन जवळ हवंच, बंदूक ठेवायला सांगतात. २०२५ पासून नियमही कडक झालेत, अस्वलापासून ३०० मीटर लांब राहायचं आणि १ मार्च ते ३० जूनपर्यंत ५०० मीटर. पहिल्या मोठ्या फेरीला हे जोडायचं नाही.

व्हिसाचं असं की १९२० च्या करारामुळे स्वालबार्डला स्वतःचा व्हिसा लागत नाही, त्या करारात भारतही मूळ सही करणाऱ्यांत आहे, आणि आपलं हिमाद्री संशोधन केंद्र २००८ पासून तिथं न्यू-ऑलेसुंडला आहे. पण स्वालबार्ड शेंगेनच्या, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपातल्या देशांच्या गटाच्या, बाहेर धरलं जातं. म्हणजे नॉर्वेतून तिकडे गेलास की शेंगेनमधून बाहेर पडलास, आणि परत येताना दुसऱ्यांदा प्रवेश. एकदाच प्रवेशाचा व्हिसा असेल तर तिथंच अडकशील. कधी जायचं झालं तर डबल किंवा मल्टिपल एंट्री मागून घे. आत्ताच्या बेतासाठी साधा शेंगेन पुरेल, १८० दिवसांत जास्तीत जास्त ९० दिवस, आणि ३०,००० युरोचा मेडिकल इन्शुरन्स. अर्ज निघायच्या सहा महिने आधीपासून करता येतो, उन्हाळ्यात गर्दी असते म्हणून शेवटच्या महिन्यावर ढकलू नको. इन्शुरन्समध्ये सेलिंग चालतं का ते लिहून घे, कित्येक पॉलिसींत ते वगळलेलं असतं.

आणि मे संपायच्या आत मुंबईत मोठ्या बोटीवर, ३० फुटाच्या वर, पाच-सहा दिवस काढ. पावसाळ्यात आपल्याकडं सगळं बंद होतं आणि तू जुलैत निघणार, म्हणजे मधे हात सुटलेले राहतील. घरी बसून बोलाइन गाठ (न सरकणाऱ्या फासाची) जाड हातमोजे घालून, डोळे मिटून, एका हातानं मारायची सवय लाव. रेडिओवर मेडे, म्हणजे जीव धोक्यात असतानाची मदतीची हाक, कसा द्यायचा ते पाठ कर, बोटीचं नाव, जागा, काय झालंय, किती माणसं.

परतीचं तिकीट ट्रॉम्सोहून ठरावीक तारखेचं काढू नको. वारा नसेल, वारा जास्त असेल, इंजिन रुसेल, तुम्ही कुठल्या बेटावर असाल ते आज कुणीच सांगू शकत नाही. तारीख बदलता येणारं तिकीट घे, थोडे पैसे जास्त जातील. विमान पकडायचंय म्हणून खराब हवेत निघालेल्या बोटींचेच अपघात जास्त ऐकलेत मी. लोफोटेनहून बोडोला फेरी आहे, आणि बर्गन ते किर्केनेस जाणारी हुर्टिगरुटेनची बोट १८९३ पासून या किनाऱ्यानं चालतीय, ती स्वोल्वेरलाही थांबते आणि ट्रॉम्सोलाही. बोट कुठंही राहिली तरी तू परत येऊ शकतोस, हे भावाला आणि त्याच्या मित्रांना निघायच्या आधीच सांगून ठेव.