लघुग्रहाच्या कक्षेला मुदत असावी का?

लंबन

गेल्या महिन्यात एका शाळेत मुलांना सेलेस्टियावर, म्हणजे अवकाशाची सफर घडवणाऱ्या सॉफ्टवेअरवर, अपोफिसची पृथ्वीशी होणारी भेट दाखवायचे ठरले होते. ९९९४२ क्रमांकाचा हा लघुग्रह १३ एप्रिल २०२९ रोजी पृथ्वीच्या पृष्ठभागापासून सुमारे ३१,६०० किलोमीटरवरून, म्हणजे भूस्थिर उपग्रहांच्याही आतून जाणार आहे, एवढी पूर्वपीठिका सांगून मी घड्याळ त्या रात्रीवर नेले, आणि पडद्यावरचा अपोफिस चंद्राच्या कक्षेच्या बऱ्याच बाहेरून निमूटपणे निघून गेला. पुढच्या बाकावरच्या मुलीने विचारले, "सर, मग खरं काय समजायचं?" तेव्हा काहीतरी बोलून वेळ मारून नेली. घरी येऊन फाइल उघडल्यावर उलगडा झाला. ती कोणा हौशी माणसाने तयार केलेली होती आणि तिच्यातला इपॉक, म्हणजे कक्षेचे आकडे ज्या क्षणाचे असतात तो क्षण, २००६ सालचा होता.

कक्षेचे सहा घटक हे एका क्षणाचे छायाचित्र असते. त्या क्षणी बाकीचे सारे ग्रह नाहीसे होऊन केवळ सूर्य उरला असता, तर लघुग्रह ज्या लंबवर्तुळावर फिरत राहिला असता, त्याचे ते वर्णन. ग्रह काही नाहीसे होत नाहीत. गुरू, पृथ्वी, शुक्र त्याला ओढतच राहतात आणि खरी जागा त्या लंबवर्तुळापासून दूर सरकत जाते. लघुग्रहांची नोंद ठेवणाऱ्या मायनर प्लॅनेट सेंटरच्या एमपीसीऑर्ब या कक्षांच्या फाइलमध्ये म्हणूनच इपॉक साधारण दर दोनशे दिवसांनी पुढे नेतात. आपण मात्र एकदा उतरवून घेतलेली फाइल वर्षानुवर्षे वापरतो.

माझे मत स्पष्ट आहे. इपॉकपासून ठरावीक दिवस उलटले की सॉफ्टवेअरने तो लघुग्रह पडद्यावर दाखवूच नये. धूमकेतूंसाठी अशी मर्यादा घालण्याची सोय स्टेलेरियम या आकाशदर्शनाच्या सॉफ्टवेअरमध्ये आहे. लघुग्रहांनाही ती सक्तीची असावी. चुकीच्या जागी दाखवण्यापेक्षा न दाखवणे बरे.

सोपेगणित

लंबन, आपला अनुभव वाचून वाईट वाटले, पण उपाय मात्र रोगापेक्षा जालीम सुचवला आहे. अपोफिस हा अपवाद आहे आणि अपवादावरून आपण नियम करू पाहत आहात.

साधा हिशेब करू. हजार पिक्सेल उंचीचा पडदा आणि पंचेचाळीस अंशांचे दृश्यक्षेत्र धरले, तर पंधरा कोटी किलोमीटरवरून पाहताना एक पिक्सेल म्हणजे सुमारे १ लाख २० हजार किलोमीटर होतात. सूर्यमाला वरून पाहणाऱ्याला मंगळ-गुरूंमधल्या मुख्य पट्ट्यातला एखादा लघुग्रह दोन-चार पिक्सेल इकडे की तिकडे, याने काय फरक पडतो? एमपीसीऑर्बमध्ये आज चौदा लाखांहून अधिक ओळी आहेत. त्या सगळ्यांची काळानुसार स्थाने साठवायची म्हटली तर कोणाच्या घरच्या संगणकाला ते पेलणार आहे? सहा आकडे आणि एक केप्लरचे समीकरण एवढ्यावर अख्खा पट्टा डोळ्यांपुढे उभा राहतो, गुरूच्या पुढेमागे चालणारे ट्रोजन दिसतात, गुरूच्या ओढीने पडलेल्या कर्कवुडच्या पोकळ्या दिसतात. आपल्या नियमाने हे सारे दोनशे दिवसांनी पडद्यावरून गायब होईल.

बीजसंस्कार

हा वाद आपल्याकडे नवा नाही. गणेश दैवज्ञांनी कोकणातल्या नांदगावी शके १४४२ मध्ये, म्हणजे इ. स. १५२० साली, ग्रहलाघव लिहिले, तेव्हा त्यांनी नेमके सोपेगणित म्हणतात तेच केले होते: जवळचा आरंभकाल घ्यायचा, त्या क्षणाचे क्षेपक, म्हणजे ग्रहांची आरंभस्थाने, द्यायचे आणि पुढचे गणित ज्या-कोज्यांशिवाय (साइन-कोसाइनशिवाय) हाताने उरकेल इतके सोपे ठेवायचे. करणग्रंथ म्हणतात तो हाच प्रकार. तो दोष नव्हताच. दोष असलाच तर तो पुढच्यांचा, ज्यांनी शतके उलटली तरी क्षेपक बदलले नाहीत, आणि मग आकाशातला ग्रह एकीकडे व पंचांगातला दुसरीकडे अशी वेळ आली. जुन्या गणिताला वेधाने दुरुस्ती करण्याला बीजसंस्कार म्हणत, आणि माझे टोपणनाव तिथूनच घेतलेले आहे.

लंबन यांच्या फाइलवर मात्र इपॉक लिहिलेला होता. त्यांनी तो कार्यक्रमाआधी वाचला नाही, हे नम्रपणे नमूद करतो.

रात्रपाळी

आपण तिघेही इपॉकवर बोलत आहात. मी निरीक्षणे करणाऱ्यांपैकी आहे, म्हणून दुसरीकडे लक्ष वेधतो. इपॉक कालचा असला, तरी कक्षा बरोबर असते असे कोणी सांगितले?

एमपीसीऑर्बची ओळ नीट पाहा. इपॉकच्या रकान्यात के२५५५ असे काहीतरी असते; के म्हणजे दोन हजारचे शतक, २५ वर्ष, पुढचा ५ मे महिना आणि शेवटचा ५ तारीख. हे सगळे जण शिकतात. पण त्याच ओळीत पुढे निरीक्षणांची संख्या, किती प्रतियुतींत (आकाशात सूर्याच्या समोर येण्याच्या काळांत) वस्तू दिसली, निरीक्षणांचा कालखंड किती, आणि यू नावाचा एक अंक असतो, त्याकडे कोणी ढुंकून पाहत नाही. यू शून्य म्हणजे दहा वर्षांत अनिश्चितता एका कोनीय सेकंदाहूनही कमी वाढेल. यू नऊ म्हणजे ती चाळीस अंशांहून जास्त वाढू शकेल. जो दगड चार रात्री दिसला आणि मग मावळला, त्याचा अर्धदीर्घ अक्ष, म्हणजे लंबवर्तुळाची निम्मी लांबी, फाइलमध्ये सात दशांशांपर्यंतच छापलेला असतो, अगदी सर्वांत आधी सापडलेल्या सेरेससारखाच. दशांश पाहून भुलणारा माणूस दोघांना एकाच पंक्तीला बसवतो.

सेरेसचीच गोष्ट घ्या. पियाझ्झी यांनी १ जानेवारी १८०१ रोजी पालेर्मोहून तो पाहिला, ११ फेब्रुवारीपर्यंतच वेध मिळाले, आणि नंतर तो सूर्याच्या उजेडात गेला. चाळीसेक दिवसांच्या वेधांवरून गणिती गाऊस यांनी कक्षा काढली आणि वर्षअखेरीस, ३१ डिसेंबरला, फॉन झाख यांना तो पुन्हा सापडला. तेवढ्या वेधांवर नेम लागला म्हणून तर त्या गणिताचे कौतुक झाले. अलीकडचे उदाहरण २०२४ वायआर४ चे. २७ डिसेंबर २०२४ रोजी चिलीतल्या अ‍ॅटलास दुर्बिणीने तो शोधला, २२ डिसेंबर २०३२ रोजी तो पृथ्वीवर आदळण्याची शक्यता १८ फेब्रुवारी २०२५ पर्यंत ३.१ टक्क्यांवर चढली आणि महिना संपेपर्यंत जवळजवळ शून्यावर आली. दगड आपल्या वाटेनेच चालला होता. बदलत होते ते आपले ज्ञान. त्या दोन महिन्यांत ज्याने फाइल उतरवून घेतली त्याचा इपॉक अगदी ताजा होता.

म्हणून मुदत घालायचीच असेल तर दिवस मोजून घालू नका, अनिश्चितता पाहून घाला. नासाच्या जेपीएल या संस्थेच्या लघुपिंड विदागारात (माहितीसाठ्यात) प्रत्येक घटकापुढे त्याची संभाव्य चूक दिलेली असते, तिथून सुरुवात करता येईल.

लंबन

बीजसंस्कार यांचा टोला मान्य. इपॉक वाचायला हवा होता.

सोपेगणित यांचा पिक्सेलचा हिशेब बरोबर आहे, पण तो दुरून पाहणाऱ्याचा आहे. सेलेस्टियामध्ये लोक लघुग्रहाच्या शेजारी जाऊन उभे राहतात, हीच तर त्याची मजा. तिथे पंधरा कोटी किलोमीटरचा आधार घेता येत नाही.

दरम्यान मी अपोफिसचे काम नव्याने केले. जेपीएलच्या होरायझन्स प्रणालीकडे घटकांऐवजी स्थान आणि वेग यांचा तक्ता मागितला. तिथली कक्षा सर्व ग्रहांचे आणि सोळा मोठ्या लघुग्रहांचे ओढे धरून काढलेली असते. शिवाय सूर्याने तापलेला दगड उष्णता बाहेर टाकताना ज्या किंचित धक्क्याने सरकतो, तो यार्कोव्हस्की परिणामही अपोफिससाठी धरलेला आहे. त्यामुळे त्याचा अर्धदीर्घ अक्ष वर्षाला दीडशे ते दोनशे मीटरने आक्रसतो. एरवीच्या दिवसांसाठी एका दिवसाचे अंतर आणि भेटीच्या आठवड्यासाठी दहा मिनिटांचे अंतर ठेवून सेलेस्टियाला चालणारी एक्सवायझेडव्ही, म्हणजे स्थान-वेगांची, फाइल बनवली.

पहिल्या दोन रात्री फुकट गेल्या, त्याचे कारण सांगतो म्हणजे दुसऱ्यांच्या वाचतील. केंद्र निवडताना मी सूर्याऐवजी सूर्यमालेचे वस्तुमानकेंद्र निवडले होते. या दोहोंतले अंतर दहा लाख किलोमीटरच्या घरातही जाते, कारण गुरू आणि शनी सूर्यालाही जागचा हलवतात. तक्ता निर्दोष, फाइल निर्दोष, आणि अपोफिस पुन्हा भलतीकडेच. संदर्भप्रतल क्रांतिवृत्ताचे (पृथ्वीच्या कक्षेचे) आहे ना, हेही पाहावे लागते. विषुववृत्ताचे राहिले तर अख्खी कक्षा साडेतेवीस अंशांनी कलते. पण ती चूक निदान लगेच डोळ्यांत भरते.

आणि तरीही घटकच वापरायचे असतील, तर परिभ्रमणकाळ अर्धदीर्घ अक्षावरून काढू नका, दैनिक गतीवरून काढा. एमपीसीऑर्बमध्ये अक्ष सात दशांशांपर्यंत दिलेला असतो आणि गती आठ. अपोफिससारख्या कक्षेत अक्षाच्या शेवटच्या अंकातल्या पूर्णांकनानेच हजार दिवसांत दोनशे किलोमीटरपर्यंत फरक साचू शकतो. गतीवरून काढल्यास तो दहा-बारा किलोमीटरवर राहतो.

त्रिज्या

लंबनदादा, काम उत्तम झाले आहे, पण एक फट राहिली आहे. आपला अपोफिस जेपीएलच्या गणिताचा आणि सेलेस्टियातली पृथ्वी व्हीएसओपी८७ या वेगळ्या गणिताची. दोन घरच्या घड्याळांवर एकच मुहूर्त साधावा, तसे हे आहे. भेटीच्या चार-पाच दिवसांपुरता तक्ता पृथ्वी केंद्र धरून मागवावा आणि सेलेस्टियाला वस्तूची माहिती देणाऱ्या एसएससी फाइलमध्ये टाइमलाइन (काळाचे टप्पे) वापरून तेवढ्या टप्प्याचे केंद्र पृथ्वी ठेवावे. मग पृथ्वीच्या स्वतःच्या जागेत किंचित चूक असली तरी दोघांमधले अंतर बिघडत नाही, आणि आपल्याला दाखवायचे आहे ते अंतरच.

शिवाय होरायझन्सच्या तक्त्यातील वेळ टीडीबी, म्हणजे ग्रहगणितातली एकसारखी वेळ, असते, आपल्या घड्याळातली नव्हे. यूटीसी (जागतिक घड्याळवेळ) समजून वापरली तर ६९ सेकंदांची चूक होते. अपोफिस त्या वेळी पृथ्वीच्या संदर्भात सेकंदाला साडेसात किलोमीटरच्या आसपास वेगाने जात असेल, म्हणजे चूक पाचशे किलोमीटरची.

सोपेगणित यांची एक दुरुस्ती. कर्कवुडच्या पोकळ्या पडद्यावर दिसत नाहीत. त्या अर्धदीर्घ अक्षांच्या आलेखात दिसतात, अडीच खगोलीय एककांवर (पृथ्वी-सूर्य अंतराच्या अडीच पटीवर) सर्वांत ठळक. प्रत्यक्ष जागांच्या चित्रात कक्षांच्या लांबटपणामुळे त्या बुजून जातात. ज्यांना पडद्यावर कडी दिसतात, त्यांना शनी आठवत असावा.

मूळ प्रश्नावर मी लंबनदादांच्या विरोधात आहे. लघुग्रह लपवला तर विद्यार्थ्याला वाटेल की तो तिथे नाहीच. तो दाखवावा, पण नावाशेजारी इपॉक दाखवावा आणि मुदत उलटल्यावर नाव फिकट करावे.

सोपेगणित

पोकळ्यांची चूक मान्य, घाईत लिहून गेलो.

पण आता काट्याचा नायटा होतो आहे. पाचशे किलोमीटरची चूक पृथ्वीच्या केंद्रापासून अडतीस हजार किलोमीटरच्या अंतरावर, तीही एका शाळेच्या प्रोजेक्टरवर! त्या मुलीने अंतर विचारले नव्हते, तिने खरे काय ते विचारले होते, आणि त्याला "तो भूस्थिर उपग्रहांच्या आतून जातो" एवढे दिसणे पुरेसे होते. ते तर भेटीच्या आठवड्यातला एखादा इपॉक घेऊन होरायझन्सकडून मागितलेल्या पृथ्वीकेंद्री घटकांनीही दिसले असते. पृथ्वीभोवतीची ती वाट अपास्त (हायपरबोला) असते आणि सेलेस्टियाला तीही काढता येते. हजारावर ओळींची फाइल लागलीच नसती.

रात्रपाळी यांचा मुद्दा मात्र मला पटला. यू सहाच्या वर असलेले सारे मी माझ्या संचातून काढून टाकले. पट्टा पूर्वीसारखाच दिसतो.

रात्रपाळी

पट्टा तसाच दिसणार, कारण अशा बहुतेक वस्तू अंधूक आणि गर्दीत हरवलेल्या असतात. पृथ्वीजवळच्या लघुग्रहांना हीच चाळणी लावून पाहा. तिथे कितीतरी नावे गळतील, आणि नेमकी तीच पुन्हा शोधण्याची गरज असलेली असतात. त्यांना काढू नका. एका रेषेऐवजी शक्य कक्षांचा जुडगा काढा.

अपोफिसही एके काळी त्यांच्यातलाच होता. डिसेंबर २००४ मध्ये २०२९ च्या टकरीची शक्यता २.७ टक्क्यांपर्यंत गेली होती. त्याच वर्षीच्या मार्चमधल्या जुन्या छायाचित्रांत तो सापडला, तेव्हा ती टळली. पुढच्या शंभर वर्षांची काळजी मिटायला मार्च २०२१ ची रडार निरीक्षणे यावी लागली.

लंबन

त्रिज्याताईंच्या सूचनेप्रमाणे टाइमलाइन तीन टप्प्यांची केली: सूर्य, पृथ्वी, पुन्हा सूर्य. सर्वांत जवळचा क्षण ज्युलियन दिनांक (सलग दिवसगणना) २४६२२४०.४०७ च्या आसपास येतो, म्हणजे आपल्याकडे १४ एप्रिलच्या पहाटे सव्वातीन वाजता. तिसऱ्या टप्प्यासाठी नवे घटक घ्यावेच लागले, कारण पृथ्वीने वाकवल्यावर त्याचा अर्धदीर्घ अक्ष ०.९२ वरून १.१ खगोलीय एककांवर जातो आणि त्याचे वर्ष ३२४ दिवसांवरून सुमारे सव्वाचारशे दिवसांचे होते. सोपेगणित यांना विचारावेसे वाटते की २०२९ नंतर जुन्या लंबवर्तुळावर फिरणारा अपोफिस पडद्यावर ठेवण्याचे समर्थन ते कसे करणार? फिकट नावाने ठेवला तरी तो चुकीच्या गटात, एटेनमध्येच (ज्यांचे वर्ष पृथ्वीच्या वर्षाहून लहान असते त्यांच्यात) राहील. खरा तोवर अपोलो गटात गेलेला असेल. मुख्य पट्ट्यापुरती मुदतीची मागणी मी मागे घेतो. पृथ्वीजवळून जाणाऱ्यांसाठी ती कायम आहे, आणि ती दिवसांत नव्हे, पुढच्या जवळच्या भेटीच्या तारखेत मोजावी असे आता म्हणतो.

पुढच्या शनिवारी त्याच शाळेत पुन्हा जातो आहे. फाइलच्या नावातच इपॉक लिहिला आहे.