मदत हवी आहे: कौलारू घराचं आढं झुकलंय, घ्यावं की सोडावं?

नमस्कार मंडळी,

दापोली तालुक्यात एक जुनं घर बघतोय. चिऱ्याच्या भिंती, मंगळुरी कौलं, पुढे पडवी, मागे विहीर. कागदपत्रं वकिलाकडे दिली आहेत. धाकधूक आहे ती छपराची.

आढं, म्हणजे छपराच्या माथ्यावरचं आडवं लाकूड, मधोमध खाली आलेलं रस्त्यावरूनच दिसतं. माळ्यावर चढून या टोकापासून त्या टोकापर्यंत सुतळी ताणली, तर मध्ये साडेतीन-चार इंचांचा झोळ. मालक म्हणतात, "आजोबांच्या वेळेपासून असंच आहे." असेलही. जुनं लाकूड वजनाने वाकतं आणि मग तसंच राहतं. पण जून २०२० च्या निसर्ग वादळात मागच्या पाखाची (छपराच्या उताराची) कौलं उडाली होती. तिथले काही वासे (आढ्यापासून भिंतीपर्यंतची तिरकी लाकडं) आणि रिपा (त्यांवरच्या, कौलं धरणाऱ्या आडव्या पट्ट्या) नंतर घाईत घातलेल्या, वेगळ्याच लाकडाच्या. आणि बाक नेमका तिकडेच जास्त.

वाशांना मध्यावर स्क्रूड्रायव्हर टोचला तर टणक लागले. मागच्या भिंतीवर टेकतात तिथे मात्र एकात तो अर्धा इंच सहज रुतला, भुसा हातात आला. वर कौल फुटलेलं, भिंतीवर ओघळ. खांबावर वाळवीची मातीची वाट आहे. मोडून पाहिली, आत काही नव्हतं. त्याच भिंतीचा वरचा थर किंचित बाहेर आल्यासारखा वाटतो. आढं बसलं की वासे भिंतीला बाहेर रेटतात, म्हणून मला झोळापेक्षा याचीच जास्त भीती. भिंत सरळ उभी आहे का ते बघायला ओळंबा अजून लावलेला नाही.

गावातले सुतारकाका म्हणतात, कौलं उतरवून घेऊ, जॅक लावून आढं हळूहळू उचलू, कुजलेल्या वाशांना जोड देऊ, मध्ये एक खांब घालू. ठेकेदार म्हणतो, सगळं काढा, लोखंडी सांगाडा करून वर पत्रा टाका. (त्या पत्र्याखाली मे महिन्यात बसणार कोण?)

असं उचलून घेतलेलं आढं पुढे टिकलं का, कुणाचा अनुभव? की जुना बाक तसाच ठेवून नुसता आधार द्यावा? उचलताना चिऱ्याच्या भिंतीला तडे जातात का? समोरासमोरच्या भिंती लोखंडी सळईने बांधून घेतल्या तर रेटा थांबेल का? मालक किंमत कमी करायला तयार आहेत, पण दुरुस्तीचा आकडा हातात नसताना मागायचं तरी किती? त्या भागात घर बघून लेखी अंदाज देणारा स्ट्रक्चरल इंजिनिअर कुणाच्या माहितीत असेल तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. पावसाळ्याआधी ठरवायचं आहे.