मदत हवी आहे: टेक्सासमध्ये शाळेचा फुटबॉल 'डिस्ट्रिक्ट' पटसंख्येवर कसा ठरतो? (लेक बँडमध्ये आहे)

क्लॅरिनेटची_आई (९ जानेवारी २०२४)

नमस्कार मंडळी. आम्ही डॅलसच्या उत्तरेला राहतो. लेक इथल्या दहावीत, शाळेच्या मार्चिंग बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवते. मला या अमेरिकन फुटबॉलमधलं ओ की ठो कळत नाही. दोन सीझन स्टँडमध्ये बसून काढले, पण माझं लक्ष सगळं हाफटाइमकडे, तेव्हा बँड मैदानात उतरतो. तरी बँड म्हटला की शुक्रवारची रात्र फुटबॉलला वाहिलेली, त्यातून सुटका नाही.

परवा बँड पालकांच्या बैठकीत सांगितलं की आपली शाळा ५ए मधून ६ए मध्ये जाते आहे आणि नवा डिस्ट्रिक्ट १ फेब्रुवारीला जाहीर होईल. ऐकून सगळ्यांचे चेहरे असे झाले की जणू गडचिरोलीला बदलीची ऑर्डर आली. मी मान डोलावली आणि घरी आले.

आता प्रश्न. मी आजवर डिस्ट्रिक्ट म्हणजे आयएसडी (इंडिपेंडंट स्कूल डिस्ट्रिक्ट) समजत होते, ज्याला आपण शाळेचा कर भरतो तो. मग आमच्याच आयएसडीतली पलीकडची शाळा फुटबॉलला आमच्या डिस्ट्रिक्टमध्ये नाही, पण व्हॉलीबॉलला आहे, हे कसं? दुसरं, आमची टीम गेल्या सीझनला दहापैकी तीन सामने जिंकली. मग बढती कसली? तिसरं, बैठकीत फळ्यावर '५-६ए', '६-६ए' असं लिहिलं होतं. पाच ते सहा ए म्हणजे मधला काही प्रकार आहे का?

आणि खरा प्रश्न, ज्यासाठी हा धागा काढला: सामने किती लांब जातील? नवरा सेकंड शिफ्टला, धाकटा सहा वर्षांचा, आणि मी पिट क्रूमध्ये आहे. म्हणजे मैदानावर मारिम्बा (झायलोफोनसारखं मोठं वाद्य) ढकलत नेणारी मीच. पलीकडच्या शाळेशी होणारा सामना सुटला तर लेक रडेल, तिची जिवलग मैत्रीण तिथल्या बँडमध्ये आहे.

एडिसनवासी

ताई, सोपं आहे. जिंकलं की वर, हरलं की खाली. युरोपातल्या सॉकर लीगसारखं.

शुक्रवार_रात्र

एडिसनवासी, नाही हो. तीन सामने जिंकलेली टीम वर गेली असं ताईंनी लिहिलंय, ते तरी वाचा.

ताई, माझी दोन मुलं या चक्रातून गेली, एक टीममध्ये आणि एक ड्रमलाइनमध्ये. सावकाश सांगतो.

हे सगळं चालवते यूआयएल, म्हणजे युनिव्हर्सिटी इंटरस्कोलास्टिक लीग. ऑस्टिनच्या टेक्सास विद्यापीठाची संस्था, १९१० पासूनची. सुरुवात वादविवाद स्पर्धांपासून झाली, फुटबॉल नंतर आला. राज्यातल्या चौदाशेहून जास्त हायस्कुलांना ती १ए ते ६ए अशा सहा कॉन्फरन्समध्ये वाटते, आणि ते वाटप फक्त पटसंख्येवर. हार-जीत, कोचचा पगार, स्टेडियमचा झगमगाट यांचा संबंध नाही. नववी ते बारावी मिळून किती मुलं, एवढंच. बढती नाही ताई, तुमच्या भागात घरं वाढली इतकाच त्याचा अर्थ.

पट मोजायचा दिवस ठरलेला: ऑक्टोबरचा शेवटचा शुक्रवार. दर दोन वर्षांनी त्या दिवशीचा आकडा शाळा यूआयएलला कळवते. डिसेंबरमध्ये यूआयएल रेषा आखते. या खेपेला ६ए ची रेषा २२७५ वर पडली. मागच्या खेपेला, २०२२ मध्ये, ती २२२५ वर होती. २०१४ मध्ये ६ए पहिल्यांदा आलं तेव्हा २१००. राज्य फुगतंय तशी रेषा वर सरकते. म्हणजे तुमचा पट पन्नासने वाढला आणि रेषाही पन्नासने सरकली तर तुम्ही जागच्या जागी. रेषेपेक्षा जास्त वेगाने वाढलात तरच वर.

आता डिस्ट्रिक्ट. इथे सगळे घसरतात, कारण एकाच शब्दाचे दोन अर्थ. आयएसडी वेगळा, तो करवसुलीचा आणि शाळा चालवण्याचा. यूआयएलचा डिस्ट्रिक्ट म्हणजे एकाच कॉन्फरन्समधल्या, नकाशावर जवळजवळ असलेल्या शाळांचा गट, साधारण पाच ते नऊ शाळांचा. आधी आकड्याने कॉन्फरन्स ठरते, मग नकाशाने डिस्ट्रिक्ट. '५-६ए' म्हणजे ६ए मधला पाचवा डिस्ट्रिक्ट. ६ए मध्ये असे बत्तीस आहेत. मोजणी पश्चिमेकडून होते: एल पासोला पहिला, आणि शेवटचे तिकडे मेक्सिकोच्या सीमेवर रिओ ग्रांदच्या खोऱ्यात.

पलीकडच्या शाळेचं कोडंही यातच आहे. फुटबॉलमध्ये १ए ते ५ए या कॉन्फरन्सचे सीझनआधीच दोन भाग करतात. पट जास्त ती डिव्हिजन एक, कमी ती डिव्हिजन दोन, आणि दोघांचे डिस्ट्रिक्ट वेगळे. व्हॉलीबॉल-बास्केटबॉलला डिस्ट्रिक्ट पाडताना हा भेद नाही. तुमची शाळा ५ए ची डिव्हिजन एक, पलीकडची दोन, म्हणून फुटबॉलला ताटातूट आणि व्हॉलीबॉलला एकत्र. डॅलसजवळच्या फ्रिस्को गावात हे नेहमीचं आहे. त्या आयएसडीने ठरवून हायस्कुलं लहान ठेवली, एकेका शाळेत एकवीसशेच्या आसपास मुलं, आणि वाढलं की नवी शाळा. बारा हायस्कुलं झाली. फुटबॉलला काही डिव्हिजन एकमध्ये, काही दोनमध्ये.

लांबीचा प्रश्न संध्याकाळी लिहितो, मीटिंग आहे.

बाभूळगावचा_बाळू

'पट' वाचून हसू आलं. माझी आई जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका होती. ३० सप्टेंबरच्या पटावर शिक्षक मंजूर व्हायचे, त्यामुळे त्या आठवड्यात आई घरोघर फिरून मुलं शाळेत आणायची. एक मूल कमी पडलं की कुणीतरी अतिरिक्त ठरणार. तिकडे पट वाढला म्हणून चेहरे पडतात, कमाल आहे!

एक शंका. आकडा कमी दाखवून ५ए मध्ये राहता येत नाही का? आपल्याकडे २०११ ची पटपडताळणी आठवते, तेव्हा बोगस मुलं सापडली होती. इथे उलटं, खरी मुलं लपवायची.

शुक्रवार_रात्र

बाळू, इथे शाळेला सरकारी पैसा सरासरी हजेरीवर मिळतो. त्याच शुक्रवारची नोंद राज्याच्या शिक्षण खात्याकडेही जाते. फुटबॉलसाठी दोनशे मुलं लपवणारा सुपरिंटेंडेंट (आयएसडीचा प्रमुख) अजून जन्मायचाय. उलटी मुभा मात्र आहे: लहान शाळेने मागितलं तर वरच्या कॉन्फरन्समध्ये खेळता येतं. खाली उतरता येत नाही.

फ्रिस्कोशेजारच्या प्लेनोचीही एक गंमत. तिथल्या तीन सीनियर हायस्कुलांत फक्त अकरावी-बारावी बसते, नववी-दहावी वेगळ्या इमारतींत. पण पट चारही वर्षांचा एकत्र धरतात, म्हणून तिन्ही ६ए. आणि ॲलनला अख्ख्या गावाचं एकच हायस्कूल, पाच हजारांहून जास्त मुलं. तेही ६ए आणि नुकतीच रेषा ओलांडलेलं तुमचंही ६ए! सहाच्या वर काही नाही ना. ॲलनचं २०१२ चं स्टेडियम सहा कोटी डॉलरचं, अठरा हजार माणसं बसतात. तुमच्या डिस्ट्रिक्टमध्ये ॲलन आलं तर कॅमेरा घेऊन जा, स्कोअरबोर्डकडे बघू नका.

मिडलंडचा_माळी

लांबीचं मी सांगतो. पश्चिम टेक्सासमध्ये तेलाच्या धंद्यात आहे. आमच्याकडे ६ए च्या शाळाच मोजक्या. मिडलंडच्या दोन, ओडेसाच्या दोन, लबकजवळची फ्रेनशिप आणि सॅन अँजेलोची सेंट्रल. ओडेसा ते लबक दीडशे मैलांच्या आत, सॅन अँजेलो ते लबक जवळजवळ दोनशे. शुक्रवारी शाळा सुटताच बस निघते, पोरं बसमध्येच सँडविच खातात आणि परत येतात तेव्हा शनिवार उजाडलेला असतो. नाइलाज आहे: आकडा तेवढा पाहिजे, आणि तेवढ्या मोठ्या शाळा वाळवंटात उगवत नाहीत.

तुम्ही डॅलसच्या उत्तरेला, तुमच्याकडे दर पाच मैलांवर ६ए. काळजी करू नका.

आणि १ए बघायचं असेल तर इकडे या. १०५ पेक्षा कमी मुलांच्या शाळा, अकराची टीम बनतच नाही म्हणून सहाजणांचा फुटबॉल खेळतात. मैदान ८० यार्डांचं, आणि हाफटाइमनंतर कुणीही ४५ गुणांनी पुढे गेला की खेळ खलास. एका गावात तर हाफटाइमला खेळाडूच पॅडसकट बँडमध्ये ट्रॉम्बोन वाजवताना पाहिला. दुसरा कोण वाजवणार?

ह्यूस्टनकर_जुना

आमच्या वेळी (१९९३ ची बॅच) सर्वांत वरचं ५ए होतं. २०१४ ला सहाजणांच्या फुटबॉलवाल्या शाळांना १ए केलं आणि बाकी सगळे एकेक पायरी वर सरकवले. जुना ५ए तोच आजचा ६ए. त्यामुळे म्हाताऱ्या लोकांशी बोलताना एक वजा करायचा.

माझं स्पष्ट मत: पटावर वाटणी ही अर्धीच न्यायाची गोष्ट आहे. शहरातल्या गरीब वस्तीतली अडीच हजारांची शाळा आणि उपनगरातली, शनिवार-रविवार खासगी कोच लावणारी अडीच हजारांची शाळा, दोन्ही कागदावर सारख्या. मैदानावर ६३-० होतं. दक्षिण कॅलिफोर्नियात प्लेऑफचे (सीझननंतरच्या बाद फेरीचे) विभाग आता टीमच्या ताकदीवरून पाडतात. तिथले लोक त्यावरही भांडतात, ते सोडा.

बाभूळगावचा_बाळू

आपल्याकडे हा प्रश्नच नाही. शालेय स्पर्धा १४, १७, १९ वर्षांखालील, तालुका मग जिल्हा मग विभाग मग राज्य. दोनशे पटाची खेड्यातली शाळा कबड्डीत तीन हजारांच्या शहरी शाळेला धूळ चारते, कुणी पट विचारत नाही. अर्थात कबड्डीला सात पोरं पुरतात.

शुक्रवार_रात्र

आलो. सामन्यांचं गणित असं. नियमित सीझनला दहा सामने. डिस्ट्रिक्टमध्ये आठ शाळा असतील तर सात सामने आपसांत आणि उरलेले तीन कुणाशीही, त्यांना नॉन-डिस्ट्रिक्ट म्हणतात. प्लेऑफला डिस्ट्रिक्टमधल्या पहिल्या चार जातात. बत्तीस गुणिले चार, एकशेअठ्ठावीस. इथे ६ए चं वेगळेपण: सीझनभर डिव्हिजन नाही, पण प्लेऑफला त्या चौघांतल्या जास्त पटाच्या दोन डिव्हिजन एकमध्ये आणि कमी पटाच्या दोन डिव्हिजन दोनमध्ये. चौथी आलेली शाळा डिव्हिजन एकला आणि पहिली आलेली दोनला, असंही होतं. चौसष्ट-चौसष्टच्या दोन स्पर्धा, सहा सामने जिंकले की राज्यविजेते, अंतिम सामना डिसेंबरमध्ये आर्लिंग्टनच्या एटीअँडटी स्टेडियमवर. तुम्ही नुकतेच वर आलात, तुमचा पट रेषेला चिकटून असणार, म्हणजे कधी पोचलात तर डिव्हिजन दोनच समजा.

मैत्रिणीचं ऐका. पलीकडच्या शाळेशी तुमचा सामना आजही डिस्ट्रिक्टचा नाहीच, तुम्हीच लिहिलंय ना, फुटबॉलला वेगळे आहात. म्हणजे तो दोन कोचांनी आपसांत ठरवलेला नॉन-डिस्ट्रिक्ट सामना आहे, आणि ६ए मध्ये गेलात तरी ठरवता येतो. १ फेब्रुवारीला सकाळी नऊला यादी फुटते. राज्यभरचे कोच आपापल्या विभागाच्या शिक्षण सेवा केंद्रात जमलेले असतात आणि तिथेच, उभ्या उभ्या, मोकळ्या शुक्रवारांचे सौदे होतात. आठवडी बाजार बघा. बँड डिरेक्टरला आधीच सांगून ठेवा की हा सामना हवा आहे. गेटचा पैसा दोन्ही शाळांना हवाच असतो.

बँडची स्पर्धा वेगळीच. तीही यूआयएलची, तिलाही ५ए-६ए लागू, म्हणजे आता मोठ्या बँडांशी गाठ. पण तिथे हे डिस्ट्रिक्ट नाहीत. आधी रीजन, मग एरिया, मग सॅन अँटोनिओच्या अलामोडोममध्ये राज्य. ते रीजन फुटबॉलच्या रीजनहून निराळे. आणि तिथे 'डिव्हिजन एक' मिळाला म्हणजे उत्तम शेरा मिळाला! पटाशी संबंध शून्य.

क्लॅरिनेटची_आई

शुक्रवार_रात्र दादा, एकाच शब्दाचे तीन अर्थ करणाऱ्या माणसाला शोधून काढायला हवं. पण पहिल्यांदाच समजलं. एक राहिलं: यादी गैरसोयीची आली तर दाद मागता येते का? आणि पुढच्या ऑक्टोबरला पट घटला तर परत खाली?

शुक्रवार_रात्र

दाद मागता येते. दोन्ही डिस्ट्रिक्टच्या सगळ्या शाळा 'हो' म्हणाल्या तर काम सोपं, नाहीतर समितीपुढे सुनावणी. वाटणी दोन वर्षांसाठी पक्की, मधल्या ऑक्टोबरला काहीही होवो. लेक बारावी होईपर्यंत ६ए च.

क्लॅरिनेटची_आई (२ फेब्रुवारी २०२४)

यादी आली. आठ शाळांचा डिस्ट्रिक्ट. सात सामन्यांतले चार बाहेर, सर्वांत लांबचा ३८ मैल, बाकी अर्ध्या तासाच्या आत. ॲलन नाही आलं (हुश्श). स्टेडियम दोन-तीन शाळांत वाटून असल्यामुळे दोन सामने गुरुवारी पडणार असं कळतंय, म्हणजे धाकट्याच्या कराटेचा वार बदलायला हवा. मिडलंडच्या माळीदादांचं वाचून ३८ मैलांचं काहीच वाटेनासं झालं.

आणि पलीकडच्या शाळेशी सामना ठरला! बँड डिरेक्टरने कोचला सांगितलं होतं, दहा वाजायच्या आत निरोप आला. तारीख तेवढी बदलली, सीझनचा दुसरा आठवडा. सप्टेंबरमधलं ऊन आणि लोकरीचा गणवेश, पण लेकीला सांगितलं तर घरभर नाचली.

आता कुणीतरी फर्स्ट डाऊन म्हणजे काय ते सांगा. लोक मधेच ओरडतात आणि बँड अर्धी धून वाजवून थांबतो, तेव्हा होतो तोच ना?

ह्यूस्टनकर_जुना

तोच. नवा धागा काढा ताई, हा मोठा विषय आहे.